काकांचं डीटीपी, एक डोंगल आणि व्हर्च्युअल मशीन: नेमकं कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लिखित अवतार. बसमध्ये किंवा लोकलमध्ये ऐकताना सेटिंगची नावं डोक्यात राहत नाहीत, असं बरेच जण सांगतात. म्हणून बोललेलंच जरा आवरून इथे देतोय. ऐकलं असेल तर उजळणी होईल, नसेल ऐकलं तरी काही अडणार नाही.

इंजिनिअरिंगच्या ज्युनिअर पोरांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "दादा, व्हर्च्युअलबॉक्स चांगलं की व्हीएमवेअर?" आधी मी सरळ एक नाव सांगून मोकळा व्हायचो. आता नाही सांगत. त्याला कारण आहेत माझे काका.

काकांचा फोन

काकांचं सांगलीत गावभागात छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, संस्थांचे अहवाल, पावती पुस्तकं अशी कामं. वीस वर्षांच्या सगळ्या फाइली पेजमेकरमध्ये. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: पेजमेकर म्हणजे पान लावायचं सॉफ्टवेअर. १९८५ साली आल्डस कंपनीनं आणलं, १९९४ मध्ये आल्डसच अडोबीकडे गेली, आणि २००१ मधली ७.० ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती. महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांचा संसार त्याच्यावर चालला.

तर काकांचा फोन आला. "अरे, जुना कॉम्प्युटर तीनदा चालू केला की एकदा चालू होतोय. नवीन लॅपटॉप घेतलाय, पण त्यात माझं काहीच उघडंना. तेवढं बघ की जरा."

मी म्हटलं, "काका, फाइली कॉपी करून टाका ना नव्यात."

"कॉपी केल्यात रे. उघडल्यावर इंग्रजीत गारगोट्या दिसतात नुसत्या."

हे का होतं ते दोन वाक्यांत सांगतो. आपण आज फोनवर मराठी टाइप करतो ते युनिकोडमध्ये. त्यात 'क'चा स्वतःचा क्रमांक असतो. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये तसं नव्हतं, इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसेल तर मजकूर गिचमिड दिसतो. काकांचं फॉन्टचं सॉफ्टवेअर चालायला यूएसबी डोंगल लागायचं. पेनड्राइव्हसारखं दिसणारं ते कुलूप लावलं नाही, तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. आणि ते सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या काळातलं.

म्हणजे नव्या लॅपटॉपवर विंडोज ११, आणि काकांना हवंय एक्सपी. लग्नसराई तीन आठवड्यांवर. व्हर्च्युअल मशीन असतं ते अशाच वेळेसाठी.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

आपल्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. बाहेरचा खरा लॅपटॉप म्हणजे होस्ट, यजमान. आत चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे गेस्ट, पाहुणा. पाहुण्याला वाटतं की आपल्याकडे स्वतःचा प्रोसेसर आहे, रॅम आहे, डिस्क आहे. प्रत्यक्षात त्याची डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते.

कल्पना जुनीच आहे. आयबीएमच्या मोठ्या मशिनांवर १९७२ सालीच व्हीएम/३७० नावाची सिस्टिम होती. घरगुती पीसीवर हे आणलं व्हीएमवेअर वर्कस्टेशननं, १९९९ मध्ये. पुढे २००५-०६ च्या सुमारास इंटेल आणि एएमडीनं प्रोसेसरमध्येच यासाठी खास सोय दिली. तिची नावं व्हीटी-एक्स आणि एएमडी-व्ही. त्यामुळे आज पाहुण्याचं बहुतेक काम थेट खऱ्या प्रोसेसरवर होतं आणि वेग चांगला मिळतो.

पण रॅम मात्र वाटूनच घ्यावी लागते. लॅपटॉपला ८ जीबी असेल आणि पाहुण्याला ४ दिले, तर तो चालू असेपर्यंत यजमानाकडे उरले ४. पातेलं एकच आहे, पाहुणा आला म्हणून भात वाढत नाही.

सॉफ्टवेअरच्या आधी लॅपटॉप बघा

तुलना करायच्या आधी दोन मिनिटं काढून या गोष्टी तपासा.

पहिली: व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. खाली 'व्हर्च्युअलायझेशन' समोर 'एनेबल्ड' दिसलं पाहिजे. 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करा. इंटेलवर ते व्हीटी-एक्स किंवा 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' या नावानं सापडतं, एएमडीवर बहुतेक वेळा 'एसव्हीएम मोड'.

दुसरी: रॅम किती? विंडोज ११ पाहुणा म्हणून चालवायचं तर त्याला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते रडतखडत चालणार. हलकं लिनक्स २ जीबीत निभावून नेतं. एक्सपीला १ जीबी म्हणजे मेजवानी.

तिसरी: विंडोजची कोणती एडिशन? होम की प्रो? हे का विचारतोय ते पुढे येईलच.

काकांच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलायझेशन चालू होतं, रॅम ८ जीबी, विंडोज ११ होम. आता उमेदवार बघू.

हायपर-व्ही

मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं, विंडोजमध्येच बसलेलं, वेगळं काही डाउनलोड करायला नको. विंडोज ८ पासून ते डेस्कटॉपवर आलं. सर्व्हरसारखी कामं, लिनक्स चालवणं, यासाठी दणकट. पण दोन अडचणी. विंडोजच्या होम एडिशनमध्ये ते अधिकृतपणे मिळत नाही, प्रो किंवा एंटरप्राइझ लागतं. आणि यजमानाला लावलेलं यूएसबी उपकरण उचलून सरळ पाहुण्याला द्यायची सोय त्यात नाही.

काकांचा विषय इथेच संपला. एडिशन होम आणि सगळा खेळ डोंगलचा. हायपर-व्ही कितीही वेगवान असलं तरी आमच्या कामाचं नव्हतं.

व्हर्च्युअलबॉक्स

हे मूळचं जर्मनीतल्या इनोटेक कंपनीचं. २००७ मध्ये आलं, पुढच्याच वर्षी सननं इनोटेक घेतली, आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. मुख्य प्रोग्रॅम ओपन सोर्स आहे, फुकट आहे, आणि विंडोज, लिनक्स, मॅक या तिन्हीवर चालतो. डाउनलोड करायला खातं उघडावं लागत नाही. शिकायला सगळ्यात सोपं, आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलची बहुतेक ट्युटोरियल्स यावरच असतात.

इथे एक मेख आहे, ती नीट ऐका. व्हर्च्युअलबॉक्ससोबत 'एक्स्टेंशन पॅक' नावाची वेगळी फाइल मिळते. तिचा परवाना वेगळा: वैयक्तिक आणि शैक्षणिक वापराला फुकट, धंद्यासाठी नाही. पूर्वी यूएसबी २ आणि ३ साठी हा पॅक लागायचाच. २०२२ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून ती सोय मुख्य प्रोग्रॅममध्येच आली. दुकान म्हणजे धंदा, त्यामुळे हा फरक काकांसाठी महत्त्वाचा होता. नवी आवृत्ती घेतली, पॅक लावलाच नाही, आणि डोंगल चालला.

कमतरता? थ्रीडी ग्राफिक्स कमजोर. आणि विंडोजमध्ये हायपर-व्ही किंवा त्यावर उभ्या असलेल्या 'मेमरी इंटेग्रिटी'सारख्या सुरक्षेच्या सोयी चालू असल्या की व्हर्च्युअलबॉक्स मंदावतं. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरव्या कासवाचं चिन्ह दिसलं तर समजा, हीच भानगड आहे. ते दिसल्या दिसल्या सुरक्षेच्या सोयी बंद करायला धावू नका. आधी काम भागतंय का ते बघा. एक्सपीसारख्या हलक्या पाहुण्याला कासवाचा वेगसुद्धा पुरतो.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो

बऱ्याच वर्षांचा मुरलेला खेळाडू. ग्राफिक्स चांगलं, विंडोज पाहुणा गुळगुळीत चालतो, यूएसबी जोडणं सोपं. आधी यासाठी पैसे मोजावे लागायचे. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतली, मे २०२४ मध्ये वैयक्तिक वापरासाठी हे फुकट झालं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठी, अगदी धंद्यासाठीसुद्धा. म्हणजे 'व्हीएमवेअर विकत घ्यावं लागतं' असं सांगणारे जुने व्हिडिओ आता कालबाह्य झालेत. डाउनलोडसाठी मात्र ब्रॉडकॉमच्या साइटवर खातं उघडावं लागतं. आणि ते ओपन सोर्स नाही, त्यामुळे उद्या कंपनीनं धोरण बदललं तर आपल्या हातात फारसं काही नाही.

लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी

यजमानच लिनक्स असेल तर केव्हीएम बघा. २००७ पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. त्याच्या जोडीला क्यूईएमयू लागतं, आणि वर माउसनं चालवायला 'व्हर्ट-मॅनेजर'. सेटिंग्ज जरा जास्त दिसतात, पण वेग आणि टिकाऊपणा दोन्ही उत्तम. फक्त पटकन एखादी सिस्टिम चालवून बघायची असेल तर 'ग्नोम बॉक्सेस' त्याहून सोपं.

मॅकवाल्यांनी आधी एक गोष्ट बघायची: प्रोसेसर कोणता? २०२० च्या शेवटी आलेल्या एम१ पासून ॲपलचे प्रोसेसर एआरएम जातीचे आहेत, आपल्या फोनमध्ये असतात तसे. त्यावर एआरएमसाठी बनवलेलं विंडोज ११ किंवा लिनक्स झकास चालतं. पॅरलल्स पैसे घेतं, व्हीएमवेअर फ्यूजन आणि यूटीएम फुकट मिळतात. पण इंटेलसाठी बनवलेली जुनी सिस्टिम, उदाहरणार्थ एक्सपी, तिथे थेट चालू शकत नाही. प्रत्येक सूचना भाषांतर करून चालवावी लागते. त्याला इम्युलेशन म्हणतात. यूटीएम ते करतं, पण वेग बराच पडतो.

मग काकांसाठी काय घेतलं?

मी व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर दोन्ही लावून बघितली. डोंगल दोन्हीत ओळखला गेला, पेजमेकर दोन्हीत उघडलं. व्हीएमवेअरमध्ये स्क्रीन जास्त गुळगुळीत होती, पण पत्रिकेच्या बॉर्डरला थ्रीडी कशाला हवंय? शेवटी व्हर्च्युअलबॉक्स ठेवलं. कारण एकच: उद्या मी पुण्यात आणि लॅपटॉप बिघडला, तर काकांचा कामगार खात्या-पासवर्डाशिवाय ते पुन्हा उतरवून बसवू शकेल.

कुणाला असंच करायचं असेल तर या गोष्टी लक्षात ठेवा. नवीन मशीन बनवताना गेस्टची आवृत्ती बरोबर निवडा, कारण त्यानुसार डिस्कचा प्रकार ठरतो. एक्सपीला साटा डिस्कचा ड्रायव्हर मुळात येत नाही, त्याला आयडीई लागतं. यूएसबी कंट्रोलर २.० ठेवा, कारण ३.० एक्सपीला कळत नाही. मग यूएसबी सेटिंगमध्ये डोंगलचा फिल्टर जोडा, म्हणजे मशीन चालू असताना डोंगल लावला की तो आपोआप पाहुण्याकडे जातो. 'गेस्ट ॲडिशन्स' टाका, नाहीतर स्क्रीन छोटीच राहते आणि शेअर्ड फोल्डर चालत नाही.

आणि एक्सपीचं नेटवर्क बंद करा. पूर्ण बंद. मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ मध्येच त्याचा सपोर्ट थांबवला आहे, तेव्हा त्याला इंटरनेटवर सोडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. परवान्याचंही बघा. व्हर्च्युअल मशीन फुकट असलं तरी आतलं विंडोज फुकट नसतं. जुन्या कॉम्प्युटरसोबत आलेलं विंडोज बहुतेक वेळा त्याच कॉम्प्युटरपुरतं असतं. काकांनी तेव्हा वेगळी सीडी विकत घेतली होती, की जपून ठेवली होती, म्हणून निभावलं.

माझी चूक

इथपर्यंत सगळं छान. मी स्नॅपशॉट घेतला, काकांच्या कामगाराला सांगितलं, "काही बिघडलं तर हे बटण दाबायचं, सगळं पहिल्यासारखं होईल," आणि पुण्याला परत आलो.

आठ दिवसांनी फोन. पेजमेकर अडकलं होतं. पोरानं मी सांगितलेलं बटण दाबलं. सगळं पहिल्यासारखं झालं, अगदी मी सांगितलं तसंच. आणि आठ दिवसांत केलेल्या तीन पत्रिका गायब!

चूक त्याची नव्हती, माझी होती. स्नॅपशॉट परत आणला की पाहुण्याची अख्खी डिस्क त्या क्षणाला परत जाते. प्रोग्रॅमसुद्धा आणि फाइलीसुद्धा. फाइली मी पाहुण्याच्या आतच सेव्ह करायला लावल्या होत्या. काका मला एक शब्द बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. त्या रात्री दोघांनी बसून तिन्ही पत्रिका पुन्हा टाइप केल्या. प्रूफ एका पत्रिकेचं तरी कागदावर होतं, तेवढाच आधार.

त्या रविवारी जाऊन रचना बदलली. सगळ्या कामाच्या फाइली यजमानाच्या डिस्कवर, शेअर्ड फोल्डरमध्ये. पाहुण्याच्या आत फक्त प्रोग्रॅम आणि फॉन्ट. शेअर्ड फोल्डरचा रोज बाहेरच्या डिस्कवर बॅकअप. आणि अख्खं मशीन 'एक्स्पोर्ट अप्लायन्स' वापरून ओव्हीए फाइलमध्ये काढून त्याच डिस्कवर ठेवलं. ही फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडता येते, थोडीफार कुरकुर करत व्हीएमवेअरमध्येसुद्धा. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो, डिस्क गेली की तोही जातो. त्याला बॅकअप समजू नका. मी समजलो होतो.

तुमच्यासाठी कोणतं?

आता मूळ प्रश्न. यादीतलं 'सगळ्यात भारी' शोधू नका. तुमच्या कामात कुठे तडजोड चालणारच नाही ती एक गोष्ट शोधा, निम्मे पर्याय तिथेच गळतात. काकांच्या बाबतीत ती गोष्ट होती डोंगल.

कॉलेजचं लिनक्स प्रॅक्टिकल, नेटवर्किंगचे प्रयोग: व्हर्च्युअलबॉक्स. मित्रांकडेही तेच असतं, अडलं तर विचारता येतं. फक्त कमांड आणि प्रोग्रॅमिंगपुरतं लिनक्स हवं असेल तर अख्खं मशीन कशाला? विंडोजमधलं डब्ल्यूएसएल २ होम एडिशनवरही चालतं.

आतमध्ये विंडोज ११ रोज वापरायचंय आणि रॅम १६ जीबी आहे: व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो.

विंडोज प्रो आहे आणि सर्व्हर शिकायचेत: हायपर-व्ही. यजमान लिनक्स: केव्हीएम. एम जातीचा मॅक: यूटीएमनं सुरुवात करा.

गेम: व्हर्च्युअल मशीनच्या नादी लागू नका. ग्राफिक्स कार्डाचा पूर्ण जोर पाहुण्याला सहज मिळत नाही, आणि व्हॅलोरंटसारखे गेम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालूच देत नाहीत.

अजून एक प्रकार सध्या फार विचारला जातो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून लोक लिनक्सकडे वळतायत आणि आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये बघून घेतात. सवय करायला हे चांगलं. पण आत लिनक्स छान चाललं म्हणजे लॅपटॉपवरही चालेलच असं नाही. पाहुण्याला तुमचं खरं वाय-फाय कार्ड दिसतच नाही, त्याला सॉफ्टवेअरनं बनवलेलं नेटवर्क कार्ड दिसतं. खरी परीक्षा घ्यायची तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवा. वाय-फाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं तपासा, मगच डिस्कला हात लावा. तेही बॅकअप घेऊन!

आणि जे हे फोनवर वाचतायत त्यांच्यासाठी: तंत्र तुमच्या हातातही पोहोचलंय. मार्च २०२५ पासून काही पिक्सेल फोनवर 'लिनक्स टर्मिनल' मिळतं. ते फोनच्या आतल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन लिनक्स चालवतं. लॅपटॉप नसेल तर कमांड शिकायला वाईट नाही.

काकांची लग्नसराई पार पडली. जुना कॉम्प्युटर अजून कोपऱ्यात आहे, त्यावर पावती पुस्तकांचे गठ्ठे ठेवलेत. परवा सांगलीला गेलो तर काका नव्या लॅपटॉपवर एक्सपीची ती हिरवी टेकडी उघडून बसले होते. म्हणाले, "डोंगल खराब झाला तर काय रे करायचं?"

खरं आहे. डोंगलची नक्कल व्हर्च्युअल मशीन करत नाही. म्हणून आता दर रविवारी आमचा पोरगा नेहमी लागणाऱ्या पत्रिकांचे साचे युनिकोडमध्ये पुन्हा बनवतोय. तोपर्यंत एक्सपी पाहुणा म्हणून राहील.

तुमच्या घरी, दुकानात असं एखादं जुनं सॉफ्टवेअर अडकलंय का? लॅपटॉपची रॅम, विंडोजची एडिशन आणि अडलेली गोष्ट एवढं लिहून पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये त्यावर बोलू. तोपर्यंत, बॅकअप घ्या मंडळी!